शेतातले सेन्सर: झिगबी की लोरा?

सांवेरकडच्या शेतात ओलाव्याचे सेन्सर लावायचे, म्हणून भाचा इंदूरला आला होता. पोहे-जिलेबी खाता खाता म्हणाला, "मामा, झिगबी घेऊ की लोरा?" दोन्ही म्हणजे सेन्सरचं मोजमाप बिनतारी पाठवायच्या रेडिओ पद्धती. खोक्यावरचं 'दहा वर्षं बॅटरी' वाचून गडी भाळला होता. म्हटलं, ते आधी विसर.

बॅटरीपाशीच सगळं अडतं. माती मोजायला फारशी वीज लागत नाही, खातो तो रेडिओ. झिगबीत टोकाचा नोड, म्हणजे सेन्सर-रेडिओची डबी, झोपतो, पण इतरांचे निरोप पुढे ढकलणारा राउटर सतत जागा. त्याला सोलर पॅनेल नाहीतर वायर हवीच. लोरावॅनमध्ये, म्हणजे लोरावर चालणाऱ्या नेटवर्कमध्ये, प्रत्येक नोड थेट गेटवेशी (सगळ्यांचे निरोप गोळा करून इंटरनेटवर टाकणाऱ्या डब्याशी) बोलतो आणि झोपी जातो. मात्र गेटवे लांब पडला की स्प्रेडिंग फॅक्टर (निरोप किती ताणून, संथ पाठवायचा तो आकडा) 7 वरून 12 कडे चढवावा लागतो, आणि दर पायरीला निरोपाचा हवेतला वेळ जवळजवळ दुप्पट होतो. बॅटरी तिथे संपते. म्हणून गेटवेचा अँटेना गच्चीवर, जमेल तितका उंच.

पल्ल्यात 2.4 गिगाहर्ट्‌झची झिगबी उभ्या पिकात दमते. 865 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातला लोरा मोकळ्या रानात किलोमीटरभर सहज जातो.

वेगात झिगबी पुढे, सेकंदाला 250 किलोबिट. लोरा जेमतेम काही किलोबिट. पण तासाला एकदा ओलावा कळला तर काळी माती काय पळून जाणार आहे?

लोराचा गेटवे महाग, पण एकात भागतं.

भाच्याच्या विखुरलेल्या शेताला लोराच. पॉलिहाउससारख्या आटोपशीर जागेत, वीज हाताशी असेल आणि पंखे-व्हॉल्व्ह झटपट चालवायचे असतील, तर झिगबी.