'ताई, वास बघा, नव्या गाडीचा!'

फेब्रुवारीत आम्ही सेकंडहँड स्विफ्ट घेतली. २०१५ची, एमएच १२ पासिंग, इंजिन ठणठणीत. दुखणं एकच, आतलं प्लास्टिक वाजायचं. पुढच्या डाव्या दाराचं पॅड खालच्या कोपऱ्यात बोटभर सुटलं होतं आणि ड्रायव्हरच्या बाजूला काचेशेजारच्या खांबावरची पट्टी हाताने हलायची. मी पुण्यात धायरीहून वारज्याला शाळेत जाते. बायपासवर पुलाचा जोड आला की टक, पुढचा जोड आला की परत टक. नवले पूल ते वारजे एवढ्यात डोकं उठायचं.

एप्रिलमध्ये रोजच्या वाटेवरच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. मालक फार गोड बोलणारा. त्याने दार उघडून दोनदा पॅडवर थाप मारली आणि म्हणाला, "ताई, एका दाराचं करून उपयोग नाही. चारही दारांच्या क्लिपा गेल्यात. ओरिजनल टाकतो, आतून शीट लावतो, पिलरची लॉकं बदलतो. सहा महिने गॅरंटी." एक सीलबंद पाकीटही दाखवलं. साडेसहा हजार सांगितले. बिल मागितलं तर म्हणाला, बिल केलं तर अठरा टक्के जीएसटी लागेल, उगाच कशाला? मलाही ते पटलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे सगळं तिथेच अडलं.

मी तिथेच थांबणार होते. "उन्हात काय बसताय, समोर रसवंती आहे, तासाभराने या." तासाभराने आले तर गाडी पुसून तयार. दार लावलं, आवाज बंद. पण आत कसला तरी उग्र वास येत होता. मी नाक मुरडलेलं बघून तोच म्हणाला, "वास बघा ताई, नव्या गाडीचा!" मी हसले आणि पैसे रोख मोजून दिले.

आठवड्याभरात पॅडच्या कडेने पांढरट डाग उमटले, पावडर सांडल्यासारखे. फडक्याने पुसून जाईनात. मला वाटलं, पॉलिशचे असतील. मेमध्ये डाव्या काचेवर दोन उभ्या रेघा दिसल्या. तीही धूळच समजले.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि डावीकडचं पायपुसणं भिजलं. काच तर नीट बंद होती. जुलैत एका संध्याकाळी काच खाली केली ती वर येईना. मोटर नुसती कण्हायची. धो-धो पावसात खिडकीला पिशवी बांधून घरी आले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांची उभी हयात गेली. त्यांनी आतल्या हँडलच्या खाचेतला स्क्रू काढला, आर्मरेस्टखालचा काढला, प्लास्टिकची पट्टी फटीत सरकवून हलकेच ओढलं. खरं म्हणजे इथे एकेक क्लिप 'टप' करून सुटायला हवी. काहीच हललं नाही. काकांनी पॅडवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, भरलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज. "अगं, हे चिकटवलंय!"

शेवटी पॅड मोडूनच काढावं लागलं. आत जे दिसलं त्याचे फोटो माझ्याकडे आहेत. नवी क्लिप एकही नाही. जुन्या तुटक्या क्लिपांची टोकं पत्र्याच्या भोकांत तशीच. कडेने झटपट चिकटणाऱ्या गोंदाची धार. ते पांढरे डाग त्याच्याच वाफेचे. खालचा कोपरा तरीही बसेना म्हणून मॅप पॉकेटच्या, म्हणजे दारातल्या खालच्या कप्प्याच्या, तळातून एक लांबलचक काळा स्क्रू थेट पत्र्यात घुसवलेला, वरून रबराचं मॅट टाकून झाकलेला. त्याचं टोक आत काचेला घासत होतं. उभ्या रेघा त्या टोकाच्या. रोज घासून घासून काच एक दिवस तिथेच अडकली.

आणि पाणी? दाराच्या आत पत्र्यावर एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून दाराच्या पोकळीत जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. तो कागद त्याला गाडीत येऊ देत नाही. आमचा कागद ब्लेडने फाडून एका बाजूला गोळा करून ठेवला होता. 'आतून शीट लावतो' म्हणाला होता, ती ही शीट.

बाकीची तीन दारंही तशीच. खांबाची पट्टीसुद्धा गोंदाने ठोकलेली. तिच्याबद्दल काका जास्त चिडले. आमच्या गाडीला तिथे एअरबॅग नाही, पण ज्या गाड्यांना बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅगा असतात, त्या फुगताना छताची कड आणि खांबाजवळचं हे प्लास्टिक ठरल्याप्रमाणे बाजूला सरकावं लागतं. तिथे गोंद लावणं म्हणजे जिवाशी खेळ. पट्टीवर एसआरएस एअरबॅग असं कोरलेलं असेल तर ॲक्सेसरीजवाल्याला तिथे हातसुद्धा लावू देऊ नका.

मूळ पॅड सुटलं का होतं, तेही काकांनीच दाखवलं. दाराला आतून पोचा काढल्याच्या खुणा होत्या, म्हणजे कोणीतरी पॅड एकदा उतरवून त्याच क्लिपा परत ठोकल्या होत्या. त्यांनी आधी कार्पेट उचलून गाळ आहे का तेही पाहिलं. २०१९ला आंबिल ओढ्याच्या पुरात किती गाड्या बुडाल्या, हे पुणेकर विसरलेले नाहीत. गाळ नव्हता, एवढंच नशीब. जुनी गाडी बघताना पॅड ढिलं दिसलं तर ते आधी कशासाठी उघडलं होतं, हे विकणाऱ्याला जरूर विचारा. मी विचारलं नव्हतं.

मोडकं पॅड घेऊन दुकानात गेले. मालक शांत. "गॅरंटी पॅड सुटण्याची होती ताई. सुटलं का? तुम्हीच तोडलंत." मग, "पावती आहे?" १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. मागूनही पावती न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला तेव्हा कळलं. पण रोख दिलेल्या पैशांचा पुरावा आणू कुठून?

क्लिपा शेवटी नाना पेठेतून आणल्या. जुनी क्लिप नमुन्याला नेली होती. दुकानदाराने बरणीतून मूठभर काढल्या, आठ रुपये नग. तीस घेतल्या, दोनशे चाळीस रुपये. काकांनी एका रविवारी तीन पॅडं गोंद खरवडून बसवली. बसताना प्रत्येक क्लिपेचा टप आवाज येतो, तो उभं राहून मोजता येतो. काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर समोर थांबा, काढलेल्या तुटक्या क्लिपा हातात मागा, आणि पॅड लावण्याआधी आतल्या कागदाचा फोटो घ्या. गरम होतंय, रसवंतीत बसा म्हणाला तरी बसू नका.

चौथं पॅड भंगारातून मिळालं, बाराशेला. ते बेज निघालं, बाकी तिन्ही काळी. काचेवरच्या रेघा मात्र अजून आहेत, काच खाली केली की दारात जातात, वर केली की परत दिसतात.