नागपूरच्या प्रतापनगरातला घरगुती स्टुडिओ: गळा आणि पेटीसाठी जा, तबल्यासाठी नको

पाटी नाही, लिफ्ट नाही, आणि जिना इतका अरुंद की पेटी उभी करूनच वर न्यावी लागते. तरी सहा जुन्या भावगीतांचा माझा अल्बम मी इथेच केला. पुढचाही, निदान गळ्यापुरता, इथेच करीन.

रेकॉर्डिस्ट पंचविशीतला पोरगा आहे, कान मात्र पिकलेला. पहिला अंतरा ऐकून त्याने हेडफोन काढला. "ताई, भ फुटून राहिला." पॉप फिल्टर, म्हणजे श्वासाचा फटका अडवणारी माईकसमोरची जाळी, लावलेला होताच. त्याने माईक तोंडासमोरून उचलून जरा वर आणि कडेला नेला, म्हणजे फ-भची हवा खालून निघून गेली. स आणि श टोचत होते, तेही मवाळ झाले. नंतर कॉम्प्युटरवर तासभर घासण्यापेक्षा हे बरं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे सूर दुरुस्त करण्याचा त्याला सोस नाही. माझा गंधार पेटीपेक्षा किंचित खाली लागतो, आणि तो तसाच हवा असतो. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअरही गळा ओढून त्याच बारांवर बसवतं, मग मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, पायऱ्या होतात. त्याने एका ओळीवर करून दाखवलं, दोघांनी तोंडं वाकडी केली, पुसून टाकलं. पेटीचा माईकही त्याने भात्यापासून लांब ठेवला. भात्याचा श्वास जेमतेम ऐकू येतो, आणि तेवढा मला चालतो.

तबल्याचं मात्र जमलं नाही. मे महिन्यातलं नागपूर, आणि टेक चालू असताना एसी-कूलर बंद, कारण कंडेन्सर माईक सगळी घरघर पकडतो. बाहेरच्या खोलीत कूलरची दमट हवा, आतली कोरडी नि तापलेली. तबलावाल्या काकांनी बाहेर जुळवून आणलेला तबला आत पाच मिनिटांत चढायचा. पेटीचा सूर काही हलवता येत नाही, म्हणून प्रत्येक टेकआधी हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या चामड्याच्या विणीवर, ठकठक. त्यात खोली लहान, डग्गा कोपऱ्यात घुमत राहतो. मिक्सिंगमध्ये ती घूम कापली तर डग्ग्याचा जीवच गेला. दोन गाण्यांत तो बादलीसारखा वाजतोय, हे ऐकणाऱ्यांनी सांगायची गरज नाही.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवर फिरवायचा शेवटचा हात, ठीक. पहिली फाइल त्याने उगाच चढ्या आवाजात दिली होती. स्पॉटिफाय मुळातच गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतं, मग दाबून मोठं करून फायदा काय? त्याला म्हटलं, तर दुसऱ्याच दिवशी मोकळी करून दिली.

परवानग्यांचं काम स्टुडिओ करत नाही; तसं आधीच सांगतात, हे बरं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ सी मध्ये कव्हरची, म्हणजे आधी रेकॉर्ड झालेलं गाणं नव्याने गाऊन काढण्याची, सोय आहे, पण मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि तीही दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची धरून. माझ्यासारखीला ते झेपणारं नव्हतं, म्हणून हक्कधारक कंपन्यांना थेट पत्रं लिहिली. जिथून उत्तर आलं तीच गाणी घेतली. "अभंग घ्या ना, तुकोबांना कोण पैसे मागतं?" असं बरेच जण सुचवतात. शब्द मोकळे आहेत, कबूल. पण चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिच्यावर हक्क असतो.

दर तासाला सातशे रुपये. तबला लावण्यात गेलेला वेळ त्यांनी धरला नाही, आम्ही न सांगता. चहा मिळतो, बरा असतो. निघताना सगळे ट्रॅक वेगवेगळे, २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये मागून घ्या. न मागितल्यास नुसती एमपीथ्री हातात पडते. आणि लग्नसराईत संध्याकाळची वेळ घेऊ नका, मागच्या मंगल कार्यालयातला बँड गाद्या लावलेल्या भिंतींनाही जुमानत नाही.