बंद पडलेल्या मोटरहोमसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर : दहा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

नऊ वर्षे एकाच जागी उभी राहिलेली डिझेलवरची मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची खोली असलेली गाडी, माझ्या ताब्यात आली, तेव्हा गाडीच्या दुरुस्तीचा मला कसलाही अनुभव नव्हता. त्यानंतरच्या दहा महिन्यांत पाने, जॅक, चार्जर अशी बरीच अवजारे जमा झाली. पण त्या सर्वांत ज्याच्यामुळे काम खऱ्या अर्थाने पुढे सरकले, ते अवजार म्हणजे हाताने श्रेणी निवडायचा, अगदी साध्या वर्गातला डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, प्रवाह आणि रोध मोजणारे उपकरण. हे परीक्षण त्याचेच आहे. ज्यांनी गाडीच्या वायरिंगला कधी हात लावलेला नाही आणि ज्यांच्यासमोर अशीच एखादी मुकी गाडी उभी आहे, अशा वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून मी ते लिहिले आहे.

या मीटरचा पडदा १९९९ पर्यंतचे आकडे दाखवतो आणि मोजायची राशी निवडलेल्या श्रेणीबाहेर गेली, की डावीकडे केवळ ‘१’ उरतो. पहिल्या दिवशी हा ‘१’ म्हणजे एक व्होल्ट असा माझा समज झाला होता. नवशिक्याने ही खूण सर्वांत आधी समजून घ्यावी. मधोमध फिरती कळ आहे आणि खाली तीन छिद्रे आहेत : काळ्या वायरीचे सामाईक, लाल वायरीचे नेहमीच्या मापनाचे आणि १० अँपिअरपर्यंतच्या प्रवाहाचे वेगळे. जोड सलग आहे की नाही हे सांगणारा बजर आहे. गाडीच्या १२ व्होल्टच्या कामासाठी कळ बहुतेक वेळा २० व्होल्ट डीसीवरच (बॅटरीच्या एकदिश विजेच्या श्रेणीवर) राहते, त्यामुळे आपोआप श्रेणी निवडणाऱ्या महागड्या मीटरची उणीव मला कधी भासली नाही.

इंजिनाला वीज देण्यापूर्वीची कामे मीटरशिवायच करायची होती. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचे घरटे निघाले, ते साफ केले; ऑइल बदलले; टायमिंग बेल्ट जुना म्हणून बदलून घेतला; क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवले आणि ते मोकळे आहे याची खात्री केली. त्यानंतर मीटरची टोके बॅटरीला लावली.

स्टार्टरच्या बॅटरीवर ३.८ व्होल्ट होते. आरामात असलेली, पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती साधारण अर्धी उरते आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. इतके आकडे पाठ असले तरी पुष्कळ काम होते. चार्जर लावून काढल्यावर त्याच बॅटरीवर १२.७ दिसले आणि मला फार आनंद झाला, पण तो पृष्ठभागावरचा भार होता, म्हणजे चार्जिंगनंतर थोडा वेळच दिसणारा फुगीर आकडा. रात्रभर ठेवल्यावर सकाळी ११.९ उरले आणि सेल्फ मारताच आकडा ७ पर्यंत कोसळला. चांगली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली सहसा जात नाही. वर्षानुवर्षे उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि मग तिच्यात व्होल्ट दिसतात, पण ताकद राहत नाही. मी नवी बॅटरी घेतली आणि तो निर्णय अंदाजाने न घेता तीन आकड्यांच्या आधारे घेतला, याचे समाधान वाटले.

नव्या बॅटरीवरही सेल्फ संथ, ओढल्यासारखा फिरत होता. ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी स्टार्टर गेला असे सांगितले, आणि नवा स्टार्टर मागवण्याच्या बेतात मी होते. त्याआधी बॅटरीपासून इंजिनापर्यंतच्या तारा तपासाव्यात म्हणून बजरवर प्रत्येक जोड पाहिला. बजर सर्वत्र वाजला, ओहमच्या श्रेणीवर सर्वत्र जवळपास शून्य दिसले, आणि तरीही दोष त्याच तारांमध्ये होता. डिझेल इंजिनाचा स्टार्टर फिरताना शेकडो अँपिअर ओढतो. समजा ३०० अँपिअर प्रवाह आहे आणि वाटेत ०.००६ ओहम इतका क्षुल्लक रोध आहे, तर तेवढ्यानेच १.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ०.००६ ओहम या मीटरला दिसूच शकत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोधच ०.३ ते ०.५ ओहम असतो.

यावरचा उपाय म्हणजे प्रवाह वाहत असताना तारेच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजणे. इंजिन मध्येच सुरू होऊ नये म्हणून डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडची (विजेने उघडणाऱ्या झडपेची) वायर काढून ठेवली, एकाला किल्ली फिरवायला बसवले, लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर आणि काळे टोक बॅटरीच्या ऋण टोकावर धरले. तिथे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसायला हवे होते, दिसले १.९. इंजिन आणि चासी (गाडीचा धातूचा सांगाडा) यांना जोडणारी तांब्याची वेणी बाहेरून शाबूत होती, पण तिच्या टोकाच्या बोल्टखाली गंज आणि रंगाचा थर होता. पॉलिश पेपरने धातू उघडा केला, वेणी नवी घातली, आणि जुनाच स्टार्टर जोमाने फिरू लागला. या एका मापनाने मीटर माझ्यासाठी वसूल झाला.

आता सेल्फ उत्तम फिरत होता, पण इंजिन पेटत नव्हते. टाकीतले जुने डिझेल काढून टाकले होते, डिझेल फिल्टर बदलला होता, हवाही काढली होती. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपावर इंधन अडवणारा एक सोलेनॉइड असतो. किल्ली चालू केल्यावर त्याला १२ व्होल्ट मिळाले तरच तो उघडतो आणि डिझेल पुढे जाते. त्याची वायर मी मघाशी काढली होती, तेव्हा किल्ली चालू ठेवून तिच्या मोकळ्या टोकावर मोजले होते आणि १२.४ व्होल्ट मिळाले होते. म्हणून वीज पोहोचते आहे असे धरून मी पुढचे दोन शनिवार-रविवार पंपामागे घालवले. नवशिक्याची जी दिशाभूल या अवजाराकडून होऊ शकते, ती नेमकी हीच आहे.

व्होल्ट मोजताना मीटरचा अंतर्गत रोध फार मोठा, दशलक्ष ओहमच्या घरातला असतो. तो वायरीतून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे तारेचा एकच केसाएवढा धागा जोडलेला असला, तरी त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. वायर सोलेनॉइडला परत जोडून, जोडलेल्या अवस्थेत टोक लावले, तेव्हा आकडा ४.१ वर आला. किल्ली फिरवल्यावर पंपापाशी जो ‘टक्’ आवाज यायला हवा तो का येत नाही, हे त्या क्षणी कळले. मग मागे मागे जात प्रत्येक जोडावर मोजले : फ्यूजपाशी १२.३, चालकाच्या कप्प्याच्या पत्र्यातून जाणाऱ्या जोडणीच्या अलीकडे १२.३ आणि पलीकडे ४.१. जोडणी उघडली तर त्या एका पिनेवर हिरवा कळंक चढला होता. पिन बदलली, सोलेनॉइड ‘टक्’ वाजला, आणि थोडी हवा आणखी काढल्यावर इंजिनाने नऊ वर्षांनी पहिला श्वास घेतला.

तेव्हापासून मी मीटरच्या बरोबरीने एक साधा टेस्ट लॅम्प, म्हणजे १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, ठेवते. बल्ब स्वतः प्रवाह ओढतो, त्यामुळे कच्च्या जोडावर तो मंद जळतो किंवा जळतच नाही. मात्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असलेल्या नव्या गाड्यांच्या वायरींवर असा बल्ब लावू नये; जुन्या यांत्रिक गाडीसाठी तो मीटरचा खरा जोडीदार आहे.

ग्लो प्लगची, म्हणजे थंड डिझेल इंजिन पेटावे म्हणून आतून तापणाऱ्या प्लगची, तपासणी सोपी निघाली. त्यांना एकमेकांशी जोडणारी पट्टी काढून प्रत्येकाचा रोध पाहिला : तीन प्लग एक ओहमच्या आसपास, चौथ्यावर डावीकडे ‘१’, म्हणजे आतून तुटलेला. इतका लहान रोध मोजताना आधी मीटरची दोन टोके एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करावा लागतो. ग्लो प्लगचा प्रवाह मात्र या मीटरने मोजू नये, कारण चारही प्लग मिळून १० अँपिअरची मर्यादा सहज ओलांडतात.

इंजिन चालू असताना स्टार्टरच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट होते. १३.८ ते १४.४ हा पट्टा निरोगी समजावा. १५ च्या वर गेल्यास अल्टरनेटरच्या (इंजिनावर चालणाऱ्या वीजनिर्मिती यंत्राच्या) व्होल्ट आवरणाऱ्या रेग्युलेटरवर संशय घ्यावा. घराच्या भागाची दुसरी बॅटरी मात्र १२.४ वरच थांबली होती, म्हणजे दोन बॅटऱ्यांना जोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) तिच्यापर्यंत वीज पोहोचवत नव्हता. दोष रिलेत नव्हता, त्याच्या ओळीतला फ्यूज गेला होता. मागच्या दिव्यांचेही असेच झाले : डावा इंडिकेटर लावला, की ब्रेकचा दिवा लुकलुकायचा. मोटरहोमची खोली लाकूड आणि फायबरची असते, तिच्यातून वीज परत येऊ शकत नाही, त्यामुळे मागच्या दिव्यांना अर्थची, म्हणजे वीज परत नेणारी, स्वतंत्र वायर चासीपर्यंत आणलेली असते. ती एक वायर कच्ची झाली की सगळे दिवे एकमेकांतून वाट शोधतात. दिवे लावलेले असताना अर्थच्या वायरीवर मोजलेले व्होल्ट हे कोडे पाच मिनिटांत सोडवतात.

आता मीटरच्या उणिवांकडे येते, कारण त्या खऱ्या आहेत आणि काही धोकादायकही आहेत. गाडी उभी असताना बॅटरी का उतरते हे शोधण्यासाठी मी बॅटरीच्या ऋण टोकावरची वायर काढून ती आणि ते टोक यांच्या दरम्यान मीटर जोडला. ०.३५ अँपिअर दिसले. म्हणजे दिवसाला ८.४ अँपिअर-तास, जिथे सर्व बंद असताना काही शतांश अँपिअरच अपेक्षित असतात. एकेक फ्यूज काढत गेल्यावर फ्रिजच्या नियंत्रक पट्टीचा फ्यूज काढताच आकडा खाली आला. इथपर्यंत मीटर निर्दोष. पण काम संपल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या छिद्रातच राहिली, आणि पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला म्हणून मी टोके थेट बॅटरीला लावली. त्या छिद्राच्या आत दोन टोकांमध्ये जवळजवळ सरळ तारच असते, त्यामुळे तो बॅटरीचा शॉर्ट सर्किट ठरला. मोठी ठिणगी उडाली आणि आतला फ्यूज गेला. माझ्या मीटरला फ्यूज होता म्हणून वायरी वितळण्यापर्यंत पाळी आली नाही. बाजारातल्या कित्येक स्वस्त मीटरांच्या १० अँपिअरच्या छिद्रापाशी ‘फ्यूज नाही’ असे स्पष्ट छापलेले असते. असा मीटर कृपया घेऊ नका.

दुसरी उणीव अधिक फसवी आहे. मीटरची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी उतरू लागली, की तो सर्वच आकडे वाढवून दाखवू लागतो. रात्रभर आरामात असलेल्या बॅटरीवर एकदा १३.४ दिसले, तेव्हा आधी मी गाडीतच दोष शोधत बसले. पडद्यावरचे बॅटरीचे चिन्ह इतके लहान आहे, की गाडीखाली झोपून काम करताना ते दिसत नाही. पडद्यामागे दिवाही नाही, आणि मोटरहोममध्ये अर्धे मापन अंधाऱ्या कोपऱ्यांतच करावे लागते. मीटर आपोआप बंद होत नाही. सोबत आलेल्या वायरी कडक होत्या, चौथ्या महिन्यात लाल वायर टोकापाशी आतून तुटली. सिलिकॉनच्या मऊ वायरी आणि दोन मगर-क्लिप वेगळ्या घेतल्यावर काम दुपटीने सोपे झाले, त्या पहिल्या दिवशीच घ्याव्यात.

गाडीत बाहेरून घेतलेल्या घरगुती दाबाच्या विजेच्या जोडण्यांवर हा मीटर मी वापरलेला नाही आणि वापरणारही नाही. ते काम आणि गॅसच्या नळ्यांची तपासणी जाणकारांकडूनच करून घेतली. टायरच्या बाजूवरचा निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगणारा चार अंकी क्रमांक, ओलावा शोषून बसलेले ब्रेकचे तेल, अडकलेले ब्रेकचे कॅलिपर (चाकाची तबकडी आवळणारे भाग) यांबद्दल मीटर काहीच सांगू शकत नाही, आणि रस्त्यावर येण्याआधी या गोष्टी इंजिनाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

पाचपैकी चार गुण. घेताना १० अँपिअरच्या छिद्राला फ्यूज, पडद्याला दिवा, झटकन वाजणारा बजर आणि मागे उभे करण्याची टेकणी एवढे पाहावे. तापमान आणि ट्रान्झिस्टर मोजण्याच्या सोयी मला एकदाही लागल्या नाहीत. माझा मीटर आता चालकाच्या आसनाखालच्या कप्प्यात असतो. त्याच्यासोबत ९ व्होल्टची नवी बॅटरी, दोन जादा फ्यूज, तो टेस्ट लॅम्प आणि प्रत्येक जोडावरचे आकडे तारखेनिशी लिहिलेली वही आहे.