सीट फिरवायची की ब्रॅकेट? खाली घेतलेल्या गाडीची उंची लावण्याच्या दोन तऱ्हा

गाडी खाली घ्यावी, म्हणजे तिची उंची कमी करून ती जमिनीजवळ आणावी की नाही, हा प्रश्न तुम्ही कधीच सोडवलेला आहे असं धरून चालतो. स्प्रिंग कापून घेणाऱ्यांशी मी बोलत नाही. आधी गाडी खाली बसवायची आणि मग गावाला जाताना स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर कोंबायचे, असा उद्योग करणारा एक मित्र मला आहे. त्याच्याशीही या विषयावर बोलणं सोडलंय. तुम्ही कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, घ्यायचं ठरवलंय आणि दोन किटांमध्ये अडकलाय. एकात स्प्रिंगखालची रिंग, म्हणजे स्प्रिंगची सीट, फिरवून उंची लागते, दुसऱ्यात शॉकअपची अख्खी नळीच खालच्या ब्रॅकेटमध्ये आत-बाहेर फिरते. सोयीसाठी एकीला सीटवाली म्हणू, दुसरीला ब्रॅकेटवाली. माझ्या जुन्या स्विफ्टवर दोन्ही वापरून झाल्या आहेत.

हा सगळा वाद पुढच्या चाकांपुरता आहे. स्विफ्टसारख्या गाडीत मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) असतो, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. दोन्ही किटांत मागे आटे असलेली एक बैठक मिळते. चाक लोंबकळू द्यायचं, स्प्रिंग काढायची, बैठक हाताने फिरवायची, संपलं. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की स्प्रिंग चाकापेक्षा पिव्होटच्या (बीम गाडीला जोडलेला असतो त्या जागेच्या) जवळ असेल तर बैठक १० मिमी उतरवल्यावर गाडी त्याहून जास्त खाली येते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग, असल्याने तिथे हिशेब जवळजवळ सरळ लागतो.

मला उंची वारंवार बदलावी लागते, कारण आमचं गाव दापोलीकडे. पुण्यातून ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे आंबेत, मंडणगड. गौरी-गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन हा रस्ता खाली बसलेल्या गाडीने करून पाहिलाय, पुन्हा करणार नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये गाडी वर घ्यायची आणि दिवाळीनंतर परत खाली.

खरं म्हणजे गतिरोधक नियमाप्रमाणे असते तर एवढा उपद्व्याप करावाच लागला नसता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. माझ्या स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २.४३ मीटर, म्हणजे चारही चाकं एकाच वेळी त्याच्या पाठीवर मावतात आणि मधला फुगवटा पोटाखाली साडेचार सेंटीमीटरसुद्धा येत नाही. प्रत्यक्षात गावोगावी काय घातलेलं असतं, ते तुमच्या सायलेन्सरला विचारा.

सीटवाली मी अडीच वर्षं वापरली. किंमत कमी, रचना साधी, आणि आटे स्प्रिंगच्या आडोशाला असल्याने चिखल तुलनेने कमी बसतो. रिंग फिरवताना मात्र दमछाक होते. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन चाक लोंबत ठेवलं तरी सीट वर चढवत आणली की स्प्रिंगचा दाब रिंगवर येतोच, हुक पाना सटकतो आणि बोटांची सालं मडगार्डच्या कडेला लागतात. कधी रिंगबरोबर स्प्रिंगही फिरायला लागते. पण तेही चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आला नाही तो आवाज.

सीट बरीच खाली उतरवली की शॉकअपची लांबी तेवढीच राहते आणि स्प्रिंगची जागा वाढते. गाडी जमिनीवर असताना कळत नाही, वजनाने स्प्रिंग दबलेली असते. चाक खड्ड्यात उतरलं किंवा उभ्या गतिरोधकावरून खाली आलं, की क्षणभर स्प्रिंग सीट सोडते आणि परत बसताना वाजते. टण्ण. माझ्या गाडीत चाक पूर्ण लोंबत असताना स्प्रिंग बोटभर सैल असायची. ताम्हिणीत तर हे टाळ वाजल्यासारखं चालायचं. मागे बसलेली आई दर वेळी म्हणायची, "अरे, खालून काहीतरी सुटलंय बघ." पहिल्या दोन वेळा मी समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा गाडी थांबवून वाकून बघितलं, कारण मलाही खात्री राहिली नव्हती. आणि तीच खरी अडचण आहे: रोज वाजणाऱ्या गाडीत उद्या खरंच काही सुटलं, तर ऐकू कसं येणार?

उपाय केले. स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यावर रबरी नळी चढवली, तर टण्णचं टक्क झालं. हेल्पर स्प्रिंग नावाची छोटी चपटी स्प्रिंग घातली की मुख्य स्प्रिंग जागेवर राहते आणि आवाज खरोखरच जातो. पण ती पूर्ण दबल्यावरही जाडी खाते, त्यामुळे हवं तेवढं खाली जाता येईना. शिवाय सीट उतरवलेल्या गाडीत शॉकअपचा रॉड आधीच बराच आत असतो. पाच माणसं बसली की बंप स्टॉप, म्हणजे शॉकअपच्या टोकाला आदळू नये म्हणून लावलेलं रबर, लगेच गाठला जातो.

ब्रॅकेटवालीत यातलं काही होत नाही. स्प्रिंगला हातच लावायचा नसतो, ती नेहमी तेवढीच आवळलेली राहते आणि शॉकअपचा पूर्ण प्रवास शाबूत राहतो. लॉक रिंग सोडवली, स्टॅबिलायझरची (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक मोकळी केली, की नळी बऱ्याचदा नुसत्या हाताने फिरते. माझ्या किटला आट्याची पिच (दोन आट्यांतलं अंतर) २ मिमी आहे, म्हणजे पाच फेऱ्यांना एक सेंटीमीटर. तुमची मोजून घ्या. नळीचे किमान किती आटे ब्रॅकेटमध्ये राहिलेच पाहिजेत, ते किटबरोबरच्या कागदावर असतं. गाडी वर घेण्याच्या भरात ती मर्यादा ओलांडू नका.

ही तऱ्हाही निर्दोष नाही. एक तर महाग. दुसरं, शॉकअपचा प्रवास पूर्ण उरल्याने चाक मडगार्डमध्ये खोल जातं. माझं टायर पहिल्याच आठवड्यात आतल्या प्लास्टिकला घासलं आणि एक बोट वर घ्यावं लागलं. तिसरं आणि सर्वांत त्रासाचं: खालचे आटे चाकाच्या अगदी शेजारी, उघडे. जांभ्याची लाल माती त्यात बसली की सिमेंट. एका गणपतीला रिंग जागची हलेना. रात्रभर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला, सकाळी मेस्त्रींनी पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) ठोकून हलवली आणि वर ऐकवलं, "साहेब, गाडी धुता तेव्हा खाली पण बघत जा." तेव्हापासून पावसाळ्याआधी ब्रश, मग कॉपर ग्रीसचा हात. सायकलची ट्यूब कापून आट्यांवर चढवायचा प्रयोगही केला, पण आत ओल धरून राहायला लागली म्हणून काढून टाकली.

दोन्हींत सारखी असलेली कटकट दोन ओळींत. जॅकवरून उतरवल्यावर गाडी काही वेळ उंच दिसते. थोडी पुढे-मागे फिरवून मगच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुशवाले बोल्ट सैल केले असतील तर शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि प्रत्येक वेळी व्हील अलाइनमेंट. वर्षातून दोनदा उंची बदलायची म्हणजे वर्षातून दोनदा तो खर्च धरायचाच.

तुम्ही शहरातच फिरणार असाल, एकदा उंची लावून विसरणार असाल आणि फार खाली जायचं नसेल, तर सीटवाली वाईट नाही. थोडीच उतरवली तर स्प्रिंग कदाचित सैल होणारही नाही. मला मात्र ब्रॅकेटवाली घेतल्याचा पश्चात्ताप झालेला नाही, आणि आई हल्ली घाटात झोपते.

जुनी किट नाशिकच्या चुलतभावाने घेतली. आवाजाचं मी आधीच सांगितलं होतं. तो म्हणतो, त्याच्या गाडीत काही वाजत नाही. त्याच्या डिकीत बारा इंची वूफर आहे.