पुण्याच्या गच्चीवर ड्युअल बँड फिल्टर: दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग तपशील. शहरात राहत असाल, कॅमेरा रंगीत असेल आणि तेजोमेघांचे फोटो काढायचे असतील, तर 7 नॅनोमीटरचा ड्युअल बँड फिल्टर, म्हणजे प्रकाशाचे फक्त दोन अरुंद पट्टे (प्रत्येकी 7 नॅनोमीटर रुंद) आत सोडणारी काच, घ्याच. दीर्घिकांसाठी घेणार असाल तर तेच पैसे पेट्रोलवर घाला आणि शहराबाहेर अंधारात जा.

माझा सेटअप असा: 72 मिमी व्यासाची, 420 मिमी फोकल लेंग्थची ईडी डबलेट (दोन भिंगांची) दुर्बीण, आयएमएक्स533 सेन्सरचा कूल्ड रंगीत कॅमेरा, मध्यम वजनाचं इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारी बैठक) आणि 30 मिमीचा गाइडस्कोप (माउंटची चूक पकडणारी छोटी दुर्बीण). जागा म्हणजे सोसायटीची गच्ची. आकाशाचा अंधार 1 ते 9 अशा वर्गांत मोजणाऱ्या बॉर्टल मापनाप्रमाणे (9 म्हणजे सगळ्यात उजळ) आमचं आकाश 8 व्या वर्गात मोडतं. मृगाचा पट्टा आणि व्याध सहज दिसतात, आकाशगंगेचं नाव काढायचं नाही.

पूर्वीचे सीएलएस प्रकारचे (शहरी दिव्यांचा प्रकाश अडवणारे) फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांविरुद्ध बरे चालायचे, कारण त्या दिव्यांचा बहुतेक प्रकाश 589 नॅनोमीटरच्या आसपास असतो. तेवढा भाग अडवला की काम झालं. आता रस्तोरस्ती एलईडी आले आणि त्यांचा प्रकाश सगळ्या वर्णपटात पसरलेला असतो. नेमकं काय अडवणार? ड्युअल बँड उलट्या बाजूने विचार करतो. हायड्रोजन-अल्फाची 656.3 आणि ऑक्सिजनची 500.7 नॅनोमीटरची रेषा, एवढंच आत घ्यायचं आणि बाकी सगळं बाहेर ठेवायचं. 400 ते 700 या 300 नॅनोमीटरच्या पट्ट्यातले जेमतेम 14 (दोन रेषांभोवती 7-7) आत येतात. तेजोमेघाचा बहुतेक प्रकाश त्या रेषांतच असतो, त्यामुळे त्याचं फारसं नुकसान होत नाही.

पहिली खरी परीक्षा रोझेट तेजोमेघाची घेतली. हिवाळ्यात आपल्याकडे तो जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणजे शहराच्या धुरकट थरातून कमीत कमी वाट. फिल्टरशिवाय मिनिटभराचं एक्स्पोजर घेतलं की फ्रेम राखाडी होऊन जायची. रात्रभराचं स्टॅकिंग करून (सगळ्या फ्रेम एकत्र जोडून), ग्रेडियंट (शहरी उजेडाची चढती छटा) काढून हाती काय, तर गुलाबीसर डाग. फिल्टर लावून 5 मिनिटांची एकच कच्ची फ्रेम लॅपटॉपवर ताणून (उजळ करून) पाहिली, तर मधली पोकळी स्वच्छ दिसत होती, आणि पाकळ्यांच्या कडेने धुळीच्या काळ्या गाठी ओळीने उतरलेल्या. त्या मी तोवर फक्त दुसऱ्यांच्या फोटोत पाहिल्या होत्या.

पण 5 मिनिटांच्या एक्स्पोजरचा भार शेवटी माउंटवर येतो. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजावर फक्त साडेअठरा अंश. माझ्या उत्तरेला शेजारची बिल्डिंग आहे, म्हणजे ध्रुवाचं दर्शन नाहीच. नीना या फुकट सॉफ्टवेअरमधलं थ्री-पॉइंट पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायची सोय) इथे कामी आलं. आकाशाच्या कुठल्याही तुकड्याचे तीन फोटो घेऊन ते अक्षाची चूक सांगतं. दुसरी भानगड काउंटरवेटची. आपल्या अक्षांशावर माउंटचा अक्ष इतका आडवा होतो की वजनाचा दांडा फिरताना ट्रायपॉडच्या पायाला भिडतो. परदेशी व्हिडिओंत याचा उल्लेखही सापडत नाही, कारण तिकडे अक्षांश 40 आणि 50. मी पिअर एक्स्टेन्शन (माउंट उंच करणारा खांब) लावलं आणि सुटलो. माझं इमेज स्केल पिक्सेलला 1.85 आर्कसेकंद (अंशाचा 3600 वा भाग म्हणजे 1 आर्कसेकंद) आहे, त्यामुळे गायडिंगची, म्हणजे ताऱ्याचा पाठलाग करण्यातली, चूक 1 आर्कसेकंदाच्या आत राहिली की तारे गोल येतात.

या फिल्टरने चांदण्यातही फोटो निघतात असं ऐकलं होतं, ते अर्धं खरं निघालं. अष्टमीनंतरही हायड्रोजन छान मिळतो, पण ऑक्सिजन मार खातो, कारण चांदणं निळ्या-हिरव्या भागात जास्त विखुरतं. म्हणून ऑक्सिजन भरपूर असलेला व्हेल (Veil) तेजोमेघ अमावस्येकडे आणि कॅलिफोर्निया तेजोमेघासारखे लालभडक विषय चांदण्या रात्री, अशी वाटणी केली. महिन्यातल्या वाया जाणाऱ्या कितीतरी रात्री त्यामुळे हाती लागल्या, आणि माझ्या मते फिल्टरचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

आता तक्रार. ठळक ताऱ्यांभोवती वलयं येतात. हॉर्सहेड तेजोमेघाच्या फ्रेममध्ये मृगाच्या पट्ट्यातला अल्निटाक तारा असतोच, आणि त्याच्याभोवती माझ्या फिल्टरने बशीएवढं फिकट वर्तुळ काढून दिलं. प्रोसेसिंगमध्ये कमी होतं, जात नाही. एकाच तुकड्यावरून कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही, पण विकत घेताना परत करायची सोय आहे ना, ते विचारून घ्या आणि पहिल्याच रात्री अल्निटाकवर तपासा.

ताऱ्यांचे रंगही जातात. त्यावर उपाय म्हणजे त्याच रात्री फिल्टर काढून छोटी एक्स्पोजर घ्यायची, स्टारनेट या सॉफ्टवेअरने तारे वेगळे करायचे आणि नंतर चिकटवायचे. सिरिल या प्रोसेसिंग सॉफ्टवेअरमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणारी तयार स्क्रिप्ट आहे, तीही फुकट. एक लक्षात ठेवा: रंगीत सेन्सरवर हायड्रोजन चारातल्या एकाच, म्हणजे लाल पिक्सेलवर पडतो. त्यामुळे तास भरपूर लागतात, आणि गोंगाट निम्मा करायला चौपट वेळ हा हिशोब कुणालाच चुकत नाही. फ्लॅट (धूळ आणि कडेचा अंधार दुरुस्त करायला घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) मात्र फिल्टर लावूनच घ्या.

देवयानी दीर्घिकेवर हा फिल्टर लावून पाहिला. मेलेला फोटो आला. ताऱ्यांचा प्रकाश सगळ्या वर्णपटात असतो, तोच अडवल्यावर उरणार काय! कृत्तिकांभोवतीची निळी धूळ तर परावर्तित प्रकाशाची, तीही गायब. त्यांच्यासाठी गाडी काढून जुन्नरच्या पलीकडे जातो. विदर्भातल्यांची मात्र मजा आहे, पेंच 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं.

खरेदीचं म्हणाल तर या सेन्सरचा कर्ण 16 मिमी आहे, त्याला सव्वा इंची फिल्टर पुरतो. एपीएस-सी (याहून मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याचा बेत असेल तरच 2 इंची घ्या. हंस तारकासमूह, म्हणजे नॉर्थ अमेरिका तेजोमेघासकट या फिल्टरचं खरं माहेर, नेमका आपल्या पावसाळ्यात डोक्यावर असतो. त्याला इलाज नाही, मे महिन्यात पहाटे उठावं लागतं. जूनपासून फिल्टर सिलिका जेलच्या डब्यात, नाहीतर बुरशी धरते.

3 नॅनोमीटरचा घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. चांदण्यात तो नक्कीच उजवा, पण महाग. गच्चीवर संध्याकाळ ते मध्यरात्र तापमान उतरतं तसा फोकस सरकत राहतो, आणि फिल्टर लावून-काढूनही थोडा बदलतो. दर वेळी बाहतिनोव्ह मास्क (फोकस तपासायला दुर्बिणीपुढे लावायची खाचांची चकती) घेऊन धावायचं. म्हणून फरकाचे पैसे मी मोटराइज्ड फोकसरसाठी बाजूला ठेवलेत.