दर आठवड्याचा फोन आणि वहीतले दोन रकाने

नैराश्यासाठी दूरध्वनीवरून समुपदेशन देणाऱ्या एका सेवेचे दहा आठवडे मी नुकतेच पूर्ण केले. ती निवडताना विश्वास असा काही नव्हता. घराबाहेर पडावे लागणार नाही, एवढेच कारण होते.

सुरुवात नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीने झाली. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. 27 पैकी माझे 18 आले. जगणे नकोसे होण्याविषयीच्या नवव्या प्रश्नाला मी ‘काही दिवस’ असे उत्तर देताच समुपदेशकांनी बाकी सारे बाजूला ठेवून त्याबद्दल थेट, न बिचकता विचारले आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ ठरेपर्यंत फोन ठेवला नाही. बाकी काहीही जमले नसते, तरी एवढ्यासाठी मी या सेवेला चांगले म्हटले असते.

त्यांची पद्धत बिहेवियरल ॲक्टिव्हेशनची, म्हणजे उभारी येण्याची वाट न पाहता आधी लहानशी कृती करायची. ‘उठ, कामाला लाग’ हा उपदेश पुरेसा ऐकलेला असल्याने मला प्रथम रागच आला. मात्र इथे वहीत दोन रकाने होते: कृतीआधी, तिच्यातून किती बरे वाटेल याचा 0 ते 10 मधला अंदाज आणि कृतीनंतर प्रत्यक्ष अनुभव. खिडकीशी दहा मिनिटे बसणे, अंदाज 0, प्रत्यक्ष 2. वर्षभर टाळलेल्या मित्राला फोन, अंदाज 1, प्रत्यक्ष 5. महिन्याभरात पाने भरली, तेव्हा दिसले की माझा अंदाज जवळजवळ दर वेळी कमीच पडला होता. पुढे काहीच बदलणार नाही, हे मी ज्या खात्रीने धरून बसलो होतो, ती खात्री माझ्याच अक्षरात खोटी ठरत होती. धीराच्या कोणत्याही शब्दांनी जे झाले नव्हते, ते या आकड्यांनी झाले.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. सहाव्या आठवड्यात पूर्वसूचना न देता समुपदेशक बदलले गेले. सगळे पहिल्यापासून सांगण्याच्या कल्पनेनेच मी दोन फोन उचलले नाहीत. एकटे पडलेल्या माणसाशी असे वागणे बरे नव्हे.

शेवटी गुण 9 वर आले. औषधेही चालू असल्याने श्रेय कोणाला किती, हे मला सांगता येणार नाही. वही मात्र चालू आहे. परवा मित्राकडे जाण्याआधी मी अंदाजात पहिल्यांदाच 6 लिहिले. प्रत्यक्षात 4 आले, आणि त्याचे मला हसू आले.