मालवणातली बिनपाटीची खाणावळ: जूनमध्ये सुरमई मागू नका

पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो तिसऱ्यांतल्या, म्हणजे शिंपल्यांतल्या, वाळूसाठी.

दांडीच्या वाटेवर ही घरगुती खाणावळ आहे. 18 जूनला भर पावसात कोल्हापूरहून आलेले आम्ही चौघं दुपारी दीडला तिथं पोचलो. बसायच्या आधीच मी सुरमई सांगितली. काकी आतूनच म्हणाल्या, "सुरमय नाय. सुको बांगडो आसा, तिसऱ्यो आसत, कुर्ल्यो आसत. बसा."

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते हे मलाही ठाऊक होतं. पण आदल्या रात्री मुक्कामाच्या हॉटेलात 'ताजी' सुरमई खाल्ली होती ना! काकी नुसत्या हसल्या. बर्फातली होती ती. तुकडा मोडताना भुगा होत होता तेव्हाच कळलं होतं, पण साडेपाचशे मोजल्यावर कबूल कोण करतो.

थाळी 200 रुपये. सुक्या बांगड्याचं किसमूर (खोबरं घातलेला कोरडा चुरा) दोनदा मागितलं, दोनदा आलं, कुरबूर न करता. तिसऱ्यांची एकशिपी चवीला फक्कड, पण दोन घासांना कचकच.

गेल्या डिसेंबरातही इथं आलो होतो. काकींच्या विळीच्या पाटावर दोन खिळे ठोकलेत, काठापासून एक 13.5 सेंटिमीटरवर, दुसरा 37 वर. राज्य सरकारनं 2023 मध्ये 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, त्यातली ही सरंग्याची (पापलेटची) आणि सुरमईची मापं. त्याहून लहान मासा धरायचा नाही, एकदा तरी त्याची वीण होऊ द्यायची. त्या दिवशी मासळीवालीच्या पाच सरंग्यांतले दोन खिळ्यापर्यंत पोचले नाहीत. काकींनी ते टोपलीत परत टाकले.

मासळीवाली भडकली. "माका काय सांगतंस? त्या एलईडीवाल्यांक सांग आधी! तू नाय घेतलंस तर दुसरो कोणतरी घेतलो." आणि खरंच, रस्ता ओलांडून समोरच्या दारात ते दोन्ही खपले, आमच्या डोळ्यांदेखत. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडायला 2017 पासून बंदी आहे, तरी तिचा राग खोटा म्हणवत नाही. काकी मात्र खवले काढत बसल्या होत्या.

रोख पैसे न्या. अडीचला चूल बंद. सरंगा हवा असेल तर नारळी पौर्णिमेनंतर जा, तोही मापात आला तरच मिळेल.